सर्वांत जड पोथी

सूर्यभानचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. थंड पाण्याची आंघोळ, रात्रीच्या भाकरीवर तेल-तिखट, आणि सायकल. अमरावतीच्या बाजार समितीचं फाटक उघडायच्या आधी तो तिथे उभा असतो. तसं त्याला कोणी सांगितलेलं नाही. पहिल्या गाडीचं पहिलं पोतं आपल्या पाठीवर यावं, एवढीच त्याची हौस.

मी त्याच्याच हमालांच्या टोळीत होतो. माझ्या गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा मी काम सोडलं. तो अजून तूर आणि हरभरा वाहतो. पोत्याखाली शिरताना तो हूं करत नाही की चूं करत नाही. टोळीचा नियम त्यानेच बसवला: पाठीवर चढलेलं पोतं वाटेत खाली ठेवायचं नाही. दम संपला तर दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचं. माणूस बदलला तरी चालेल, पोतं थांबलं नाही पाहिजे.

या कामानं त्याला एक खोड लावली. तो सगळ्या गोष्टी वजनावर पारखतो. टरबूज, कुलूप, चपला, लग्नाची पत्रिकासुद्धा. पत्रिका तळहातावर घेऊन दोनदा वर-खाली करतो आणि सांगतो, "जेवण चांगलं राहीन." बहुतेक वेळा खरं निघतं, म्हणून खोड सुटली नाही.

त्याची लेक रागिणी अकोल्यात, डाबकी रोडला दिलेली. जावई श्याम ट्रकवर असतो, महिन्यातले थोडे दिवस घरी. घरात चार वर्षांची पोर, तिच्या पाठीवर जुळे, आणि खाटेवर सासू. सासूचं नाव मनकर्णाबाई. पूर्वी बालवाडीच्या बाई होत्या. चैत्रात पाय घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. पाय बंद पडला, पण आवाज बालवाडीचाच राहिला.

यंदा अधिक महिना उन्हाळ्यात आला. अधिकात लेक-जावयाला काहीतरी द्यायचं असतं. जावयासाठी अनारसे ठरले. लेकीसाठी काय घ्यावं म्हणून सूर्यभानने फोन लावला. काम सोडलं तरी मी अधूनमधून बाजारात चहाला जातो; आम्ही सगळे तिथल्या कडुनिंबाखाली चहा पीत होतो. त्याचा फोन जुना, बोलणं सगळ्यांना ऐकू येतं.

"काय आणू तुले?"

"एक घंटा आना, बाबा."

"काय?"

"एक घंटा. बसाले. सकाळचा चहा मी तीनदा गरम करतो आणि चौथ्यानं थंडच पेतो." रागिणी हसत होती, पण ते हसणं दमलेल्या माणसाचं होतं. मागून एक जुळं रडत होतं. दुसरं त्याला साथ देत होतं. त्याच्या वरून मनकर्णाबाईंचा आवाज: "रागिणी, दूध उतू जाऊन राहिलं व."

"घंटा कुठं भेटते, माय?" सूर्यभानने विचारलं.

"देवाजवळ भेटन. देवाचंच काही आना. डोकं शांत राहीन."

फोन बंद झाला. सूर्यभानने चहाचा कप ठेवला. "पोथी घेतो," तो म्हणाला.

देवमन म्हणजे टोळीतला सर्वांत जुना गडी, शब्दांना तिखट. तो म्हणाला, "अबे, तिले वेळ नाही म्हणते, आणि तू वाचाले देतं? पंखा दे."

"देवाजवळ भेटन म्हणाली ना ती."

"मंग देव दे. पोथी कायले?"

पण सूर्यभानचं ठरलं होतं.

अंबादेवीच्या देवळाजवळ पोथ्या-पुस्तकांचं एक दुकान आहे. सत्यवतीबाई चालवतात. पुढचं सगळं मला सूर्यभानने सांगितलं, आणि सत्यवतीबाईंनी त्यात भर घातली.

"कोणासाठी पायजे, भाऊ?"

"लेकीसाठी. तिले भल्ली कामं आहेत."

सत्यवतीबाईंनी लगेच एक पुस्तक काढलं. तळहाताएवढं. रोजचं एक पान, पानावर चार ओळी देवाच्या आणि दोन ओळी माणसाच्या. "कामात बुडालेल्या बाईसाठी हेच बरं. चहा उकळेपर्यंत एक पान होते."

सूर्यभानने ते तळहातावर घेतलं. दोनदा वर-खाली केलं. तळहाताला काही समजलं नाही.

"हे तं उडून जाईन, बाई."

"उडून कायले जाईन?"

"पंखा लावला की."

त्यांनी दुसरं दिलं. त्याने तोललं आणि ठेवलं. तिसरं, चौथं. स्तोत्रांचं, भजनांचं, आरत्यांचं. काऊंटरवर ढीग झाला. मागे गिऱ्हाईक खोळंबलं. सत्यवतीबाई म्हणाल्या, "भाऊ, वाचाले पायजे की तोलाले?"

"आधी तोलतो. मंग वाचतो."

"आमी सोनं नाही विकत."

"सोनं मले समजत नाही. वजन समजते. लेक दमली आहे, आणि मी तिले टिचभर पुस्तक नेऊ? लोक काय म्हणतीन, बापानं कसर केली."

तेव्हा त्याची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे एक पोथी आडवी पडली होती. संतांच्या गोष्टींची, ओव्यांची, मोठ्या अक्षरांची, लाल बांधणीची. सत्यवतीबाई म्हणाल्या, ती देवळं घेतात, घरी कोणी नेत नाही. सूर्यभानने दोन्ही हातांनी ती उतरवली. त्याचा चेहरा खुलला.

"याच्यात माल आहे," तो म्हणाला.

"ते पारायणाची आहे, भाऊ. तिचे नियम असतात."

"नियम असन तं चांगलंच. बिनानियमाचं काम मी करत नाही."

तीन दिवसांची हमाली देऊन त्याने पोथी घेतली. सत्यवतीबाईंनी ती लाल फडक्यात बांधून दिली. रविवारी बाजार बंद असतो. त्या रविवारी पहाटे आंघोळ करून तो अकोल्याच्या एस.टी.त चढला, पोथी डोक्यावर धरून. पोथी काखेत मारायची नसते, एवढं त्याला माहीत होतं.

"काका, ते खाली ठेवा," कंडक्टर म्हणाला.

"पोथी आहे. खाली ठेवता येत नाही."

"मंग वर ठेवा."

वरच्या फळीवर कोणाच्या तरी पिशवीतून बूट डोकावत होते. "बुटापाशी कशी ठेवू?"

"मंग मांडीवर घ्या, पण बसा." कंडक्टरने हात जोडले, पोथीला की सूर्यभानला ते कळलं नाही.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. सूर्यभानला उतरणं भाग होतं. मुतारीत पोथी नेता येत नाही, सीटवर ठेवता येत नाही. त्याने शेजारच्या कॉलेजच्या पोराला विचारलं, "आंघोळ झाली काय तुयी?"

पोरगा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्या मागचाही. सूर्यभान गाडीभर विचारत गेला. एकेक मान खाली जात होती. एका गृहस्थांनी "झाली, पण घाईत झाली" असं सांगून बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "खोटं नोका बोलू, पोथी आहे." गाडी हसायला लागली. शेवटी मागच्या सीटवरच्या एका आजीने हात पुढे केले. "पहाटेच झाली माही. आण इकडे, आणि जाय लवकर, नाही तं पोथी ऱ्हाईन कोरडी आणि तूच भिजशीन."

असा सूर्यभान अकोल्याला पोचला. ऊन असं की डांबर चपलेला धरून ठेवत होतं. तो पोथी डोक्यावर घेऊन डाबकी रोडने चालत गेला. पाठ सरळ, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज.

रागिणी दारात आली. एक जुळं कडेवर, एक पायाला धरून, हाताला कणीक. मनकर्णाबाईंनी खाटेवरून लाल फडकं पाहिलं आणि मान उचलली.

"काय आणलं, इवाईबुवा?"

"पोथी. लेकीसाठी."

मनकर्णाबाईंनी हात जोडले. मग त्यांच्या आवाजाला चैत्रानंतर पहिल्यांदा खरी धार आली. "अधिक महिना, आणि घरी पोथी चालत आली. आता पारायण करा लागते. येत्या रविवारीच. एका बैठकीत. मधात उठाचं नाही, बोलाचं नाही, कोणाले हाक माराची नाही. कांदा-लसूण बंद. ओसरी सारवल्यावानी स्वच्छ पायजे. नैवेद्याले पुरण. संपलं की आरती, आणि गल्लीले जेवण. रागिणी, तानुबाईले आवाज दे."

आवाज द्यायची गरज नव्हती. शेजारच्या तानुबाईंचं डोकं आधीच भिंतीवर आलं होतं. "किती पानं जेवतीन, मायबाई?" त्यांनी विचारलं.

रागिणीने लेकरू बापाच्या हातात दिलं, हात पुसले आणि पोथी उचलून चौरंगावर ठेवली. उचलताना ती किंचित वाकली. मग हळूच, सासूला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "बाबा, मी घंटा मांगला होता. तुमी पोतं आणलं."

सूर्यभान लेकरू मांडीवर घेऊन बसला. त्याच्यासमोर ठेवलेल्या चहावर साय धरली.

सोमवारी तो वेळेवर आला, पण पहिलं पोतं त्याने दुसऱ्याला घेऊ दिलं. तेव्हाच आम्हाला समजलं की काहीतरी बिघडलं. मी त्या दिवशी सहज बाजारात गेलो होतो. कडुनिंबाखाली त्याने सगळं सांगितलं. देवमन हसून हसून खोकायला लागला.

"परत देऊन दे," तो खोकत म्हणाला.

"पोथी परत देत नाहीत."

"मंग सासूले सांग, पारायण पुढच्या वर्षी."

"गल्लीले बलावणं गेलं." सूर्यभानने जमिनीकडे पाहिलं. "तिले एक घंटा भेटत नाही, आणि मी तिच्यावर गावजेवण चढवलं. पोतं चढलं आहे, देवमन. आता खाली ठेवता येत नाही."

कोणी हसलं नाही. पुढचं वाक्य त्याला म्हणावं लागलं नाही. टोळीत ते सगळ्यांना पाठ आहे: खाली ठेवता येत नाही, तर दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचं.

टोळीतल्या गोपालने कप उलटा केला. "कोण कोण येते?" त्याने विचारलं.

"मी पोथी वाचणार नाही," देवमन म्हणाला. "आमच्या घरी बुद्धवंदना असते, तुमची ओवी मले जमणार नाही. पर गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजीन. सगळ्या वऱ्हाडात माह्यासारखे रोडगे कोणी भाजत नाही."

"नैवेद्याले पुरण पायजे म्हणे."

"रोडगे खाल्ल्यावर पुरणाची आठवण राहीन तं माहं नाव बदला."

रविवारी आम्ही अर्धी एस.टी. भरली. वांगी, रोडग्यांची जाड कणीक, तूप, पातेली, आणि गोवऱ्यांचं एक पोतं. कंडक्टर तोच होता. त्याने सूर्यभानला ओळखलं. "काका, आज पोथी नाही ना?"

"नाही. आज गोवऱ्या आहेत. पायाखाली ठेवल्या तरी चालते."

घरी पोचलो तेव्हा रागिणी पुरणाची डाळ शिजायला घालत होती. डोळे सुजलेले. सूर्यभानने पातेलं तिच्या हातून घेतलं.

"तू बस."

"कोण करन मंग, बाबा?"

"आमी. पोथीत लिवलं आहे, वाचावी नाही तं ऐकावी, फळ सारखंच. मी तपासलं. तुयं काम ऐकणं. भिंतीले टेकून."

"आई काय म्हणतीन?"

"त्यायले मी सांगतो." पण सांगायला तो गेला नाही. धीर झाला नसावा. त्याने चौरंगापुढे बसून थेट पोथी उघडली.

अंगणात देवमनने गोवऱ्या रचल्या. "अकोल्यात गोवऱ्या कायले पेटवाच्या," तो पुटपुटला. "गच्चीवर ठेवले असते तरी रोडगे भाजले असते." एक जुळं एकाच्या खांद्यावर गेलं, दुसरं दुसऱ्याच्या. पोत्यापेक्षा हलकं, पण पोतं वळवळत नाही. मोठी पोर वांग्यांची देठं मोजत बसली. तानुबाई आणि गल्लीतल्या बाया ओसरीवर दाटीवाटीने बसल्या. रागिणी कूलरसमोर भिंतीला टेकली, पण पाय आखडून, हाक आली की उठता यावं अशी.

सूर्यभानने वाचायला सुरुवात केली. तो पोतं उचलतो तसं वाचतो. श्वास घेतो, एक ओवी उचलतो, पलीकडे नेऊन ठेवतो. प्रत्येक ओवीच्या शेवटी टोळीतून सवयीने "हां" यायचा. दोन अध्यायांनंतर त्याचा घसा बसला. ओवी न तोडता त्याने पोथी गोपालकडे सरकवली.

गोपालने उभा जन्म लिलावाची बोली ऐकण्यात घालवला. त्याने संतांची गोष्ट लिलावाच्या चालीवर सुरू केली. संत नदीकाठी आले, एकदा, दोनदा, तीनदा. बायांनी पदर तोंडाला लावले.

मनकर्णाबाई खाटेवर तळमळत होत्या. आधी उच्चारांवर ओठ हलले. मग मान. मग त्यांच्याने राहवलं नाही.

"थांबा."

"थांबता येत नाही, मायबाई," गोपाल त्याच चालीवर म्हणाला आणि पुढच्या ओवीला लागला.

"मंग वाचता वाचता इकडे आना. असं वाचतात काय कोठी? देवाले वाटन, तूर विकून राहिले."

दोघांनी पोथी उचलली. गोपाल मधे चालत, वाचत, खाटेपाशी आला. मनकर्णाबाईंनी चष्मा लावला. उशी मागे घेतली. गोपालच्या तोंडातली अर्धी ओवी त्यांनी उचलली आणि पुढे नेली.

काय आवाज होता. ज्या आवाजात एरवी दिवसभर "रागिणी, पाणी" यायचं, त्याच आवाजात आता प्रत्येक शब्द धुऊन वाळवून घडी घातल्यासारखा येत होता. टोळीचा "हां" बंद झाला. गोपाल बालवाडीतल्या पोरासारखा हाताची घडी घालून बसला.

आणि वाचताना हाक मारता येत नाही.

रागिणीने पहिल्यांदा दोनदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. कोणी बोलावलं नाही. मग अंगणाकडे पाहिलं. एक जुळं देवमनच्या टोपीत हात घालून हसत होतं. तिने आखडलेले पाय हळूहळू सोडले. कूलरचा वारा, सासूचा आवाज. थोड्या वेळाने तिची मान खांद्यावर आली. मग ती पुरती कलंडली आणि घोरायला लागली.

"अव माय, पोथीत झोपली," तानुबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. वाचन सुरूच होतं, पण डोळे सुनेवर होते. सूर्यभान उठून उभा राहिला. मी त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, गाडीवरून पोती घसरली तेव्हाही नाही. सासूच्या एका हाकेवर सगळं अवलंबून होतं.

मनकर्णाबाईंनी पान उलटलं. आणि आवाज खाली आणला.

त्या इतक्या खाली आल्या की आम्हाला ओवी ऐकू येईना, फक्त कुजबुज. सगळं घर कुजबुजीवर आलं. बाया ओठांनी हसत होत्या. तानुबाईंना शिंक आली, ती त्यांनी पदरात अशी दाबली की डोळ्यांतून पाणी आलं.

शेवटचा अध्याय संपला. आता आरती, म्हणजे टाळ, शंख आणि गल्लीचा गळा. ओमप्रकाश नावाचा आमचा गडी टाळ घेऊन तयारच होता. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग झोपलेल्या सुनेकडे. मग त्यांनी पोथीची सगळी पानं परत फिरवली आणि पहिला अध्याय पुन्हा सुरू केला.

ओमप्रकाशने टाळ मांडीखाली घेतले. त्याच वेळी देवमन दारात आला, हाताला राख. "रोडगे झा..." बारा-पंधरा बोटं एकदम ओठांवर गेली. तो तिथेच थिजला. पोटात कावळे, बाहेर तुपाचा वास, आणि खाटेवरून पुन्हा पहिल्यापासून सगळी गोष्ट. आम्ही उपाशी बसलो होतो आणि हसू आवरत नव्हतं. कोणाचं तरी पोट मोठ्याने बोललं. सूर्यभानने त्यालाही दटावलं.

रागिणी स्वतःहूनच जागी झाली, वासानं. गडबडून उठली. "कुठपर्यंत आलं?"

"पहिला अध्याय," गोपाल म्हणाला.

"आत्ताच सुरू झाली? मले वाटलं मी झोपलो."

"नाही, नाही," सगळे म्हणाले. मग कोणाला तरी हसू फुटलं, आणि सगळी ओसरी फुटली. रागिणीला समजायला थोडा वेळ लागला. मग तीही हसली, पोट धरून, आणि हे हसणं दमलेल्या माणसाचं नव्हतं.

मनकर्णाबाईंनी पोथी मिटली, कपाळाला लावली. पहिला शब्द आला. "रागिणी."

रागिणी पदर सावरून उठायला लागली.

"जेवून घे आधी. गरम आहे."

आरती जेवणानंतर झाली. असं कुठल्या नियमात बसतं ते मला माहीत नाही. पुरणाची आठवण कोणालाच राहिली नाही.

पुढच्या सोमवारी सूर्यभान कामावरून परस्पर सत्यवतीबाईंच्या दुकानात गेला.

"मोठी चालली नाही काय?" त्यांनी विचारलं.

"चालली. फुल चालली. पर ती इनबाईनं घेतली. रोज सकाळी एक अध्याय वाचते, मधात एक शब्द बोलत नाही."

"मंग आता काय देऊ?"

"ते उडून जाणारं द्या."

त्याने ते तळहातावर घेतलंच, दोनदा वर-खाली केलं. मग शर्टाच्या खिशात घातलं आणि सायकलवर बसला.

आता ते पुस्तक रागिणीच्या ओट्यावर, चहाच्या डब्याला टेकून असतं. कोपऱ्याला कणीक लागली आहे. सकाळी खाटेवरून मोठ्या पोथीचा आवाज सुरू झाला की ती एक पान वाचते. पान संपतं, चहा उकळतो, ती तिथेच बसते. खाटेवरचा अध्याय लांब असतो, आणि मनकर्णाबाई अलीकडे तो जरा सावकाशच वाचतात.

सूर्यभानच्या हमालीत दोन पोथ्या आल्या, टोळीचं तिकीट आलं, कणीक, वांगी आणि तूप आलं. आणि शेवटी एक कप चहा आला, जो त्याची लेक गरम असतानाच पिते.